जुळ्यांचं जनुक कळपात आणताना: माझा अनुभव

आपल्या डोळ्याची एक खोड आधी सांगतो. कळपात ठेवायला नर निवडताना हात आपोआप सगळ्यात थोराड कोकरावर जातो. ते थोराड का, तर बहुतेक वेळा ते एकटं जन्मलेलं असतं. पोटातली सगळी जागा त्याची आणि दोन्ही सडांचं दूधही त्याचंच. जुळ्यातली दोघं त्याच्या शेजारी किडकिडीत दिसतात आणि बकरी ईदच्या आधी बाजार गाठतात. म्हणजे जुळी देणारा वंश आपणच दर वर्षी विकून टाकतो. मीही तेच करत होतो.

दख्खनी मेंढी एका वेताला एक कोकरू देते, जुळं क्वचित. नुसत्या नोंदी ठेवून जास्त कोकरं देणाऱ्या मेंढ्या निवडायच्या म्हटलं तर आयुष्य जातं, कारण कोकरांच्या संख्येतल्या फरकात आनुवंशिक वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच असतो. बाकी सगळं चारा, वय आणि हवामान. याला एक ठळक अपवाद आहे, फेक-बी नावाचं जनुकरूप. बीएमपीआर-१बी या जनुकात ७४६व्या जागी डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं, ‘ए’च्या जागी ‘जी’. तेवढ्यानं अंडाशयातले बीजकोष लहान असतानाच पक्व होतात आणि एका माजाला एकाऐवजी दोन-तीन बीजं सुटतात. हे जनुक मूळचं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं. तिथून बंगाली मेंढ्या १७९२-९३ साली ऑस्ट्रेलियात गेल्या, पुढे न्यू साउथ वेल्समधल्या बूरूला नावाच्या मळ्यावरच्या मेरिनो कळपात जुळ्या-तिळ्यांचा सुकाळ दिसला आणि जनुकाला त्या मळ्याचंच नाव चिकटलं, फेक-बीमधला ‘बी’ तोच. नेमका बदल सापडला २००१ मध्ये. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गरोळचं हे जनुक दख्खनीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. गरोळ थेट आणून भागत नाही. ती मेंढी जेमतेम १०-१४ किलोची, खाटीक तिच्याकडे बघतही नाही. म्हणून संकर करायचा, मग पिढीगणिक परत दख्खनीकडे वळायचं आणि प्रत्येक पिढीत रक्त तपासून जनुक तेवढं धरून ठेवायचं. हे दशकांचं काम संस्थेनं केलेलं आहे. आपल्याला फक्त तयार मेंढा आणायचा असतो.

तो ‘फक्त’ मला महागात पडला. पहिला मेंढा एका व्यापाऱ्याकडून घेतला. त्याच्याकडे पुरावा एवढाच, की हा जुळ्यातला आहे आणि याच्या आईला दोनदा जुळं झालंय. नंतर रक्त तपासलं तर जनुक नाहीच. यात चमत्कार काही नाही. आईकडे जनुकाची एक प्रत असली आणि बाप साधा असला, तर कोकरात ते उतरायची शक्यता निम्मीच. जुळ्यातल्या एकाला मिळेल, दुसऱ्याला मिळणार नाही. जुळं होणं हा आईचा गुण झाला, कोकराचा नव्हे. त्यात मेंढा स्वतः वीत नाही, त्यामुळे त्याच्या अंगावर या जनुकाची खूण कुठेच दिसत नाही. डीएनए अहवाल हातात आल्याशिवाय मेंढ्याचे पैसे द्यायचे नाहीत, हे तेव्हापासून ठरलं.

अहवालात तीनपैकी एक उत्तर येतं: बीबी म्हणजे दोन्ही प्रती, बी-प्लस म्हणजे एक प्रत, प्लस-प्लस म्हणजे काहीच नाही. सुरुवातीला बीबी मेंढाच घ्यावा. साध्या मेंढ्यांवर तो सोडला की प्रत्येक कोकरू बी-प्लस होतं आणि पहिल्या पिढीच्या तपासणीचा खर्च जवळजवळ वाचतो. बी-प्लस मेंढा स्वस्त मिळतो, पण त्याची निम्मी कोकरं रिकामी निघतात आणि कुठली रिकामी हे शोधायला सगळ्या पोरी तपासाव्या लागतात.

रक्त काढणं डॉक्टरांचं काम, पण तयारी आपली. मानेवरची लोकर कातरून शिर मोकळी करायची आणि दोन-तीन मिली रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत घ्यायचं. हिरव्या टोपणाची नळी चालत नाही. तिच्यातलं हेपरिन पुढच्या पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या कामाला, अडथळा करतं आणि नमुना वाया जातो. नळी हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची, खळखळवायची नाही. कानातल्या बिल्ल्याचा नंबर रक्त काढायच्या आधी नळीवर लिहायचा. टोपणावर नाही, कारण टोपणं अदलाबदल होतात. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीवर वर्तमानपत्राची घडी, तिच्यावर नळ्या, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत. तिथे जनुकाचा तो तुकडा वाढवून अव्हा-टू नावाच्या विकराची कात्री चालवतात. बदल असेल तर डीएनएच्या १९० अक्षरजोड्यांचा तुकडा कापला जाऊन १६०चा होतो. तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर फक्त वरची, लांब तुकड्याची रेघ आली तर प्लस-प्लस, फक्त खालची आली तर बीबी, दोन्ही आल्या तर बी-प्लस.

अहवालाची एक तपासणी घरबसल्या होते. बीबी बापाचं कोकरू प्लस-प्लस असूच शकत नाही. तसं आलं तर दोनच शक्यता: नळ्या बदलल्या किंवा बाप वेगळा. माझ्याकडे एकदा असं झालं. परत रक्त पाठवल्यावर कळलं, की सलग नंबरच्या दोन बिल्ल्यांच्या नळ्या बदलल्या होत्या. पण शेजारच्या धनगरांच्या वाड्यातला मेंढा रात्री वाघूर, म्हणजे कळपाभोवतीचं जाळं, ओलांडून येणं हेही काही अशक्य नाही.

मेंढा आषाढात सोडला, तीस मेंढ्यांमागे एक. त्याच्या छातीला पिवडी (पिवळी माती) तेलात कालवून लावायची, दर तीन-चार दिवसांनी पुन्हा. मेंढी लागली की तिच्या पाठीवर पिवळा डाग दिसतो, त्या दिवशीची तारीख वहीत लिहायची. मेंढीचा माज १७ दिवसांनी फिरतो, म्हणून अठराव्या दिवशी पिवडीऐवजी गेरू. पिवळ्यावर लाल डाग चढला तर ती पहिल्या वेळी फळली नाही. पुष्कळ मेंढ्या लाल झाल्या तर खोट मेंढ्यात शोधायची: खूर, वृषण, ताप. तीन माज, म्हणजे साधारण ५१ दिवस झाले की मेंढा बाहेर काढायचा. डागाच्या तारखेत दीडशे दिवस मिळवले की विण्याची तारीख, दोन-तीन दिवस इकडे-तिकडे.

इथे बहुतेकांची निराशा होते. मेंढा आणला, दीडशे दिवस वाट बघितली, आणि सगळ्या मेंढ्यांना एकेकच कोकरू. ‘जनुक खोटं’ म्हणून मेंढा विकणारेही आहेत. बीजं सुटतात मेंढीच्या अंडाशयातून, आणि या मेंढ्या साध्याच आहेत. जनुक त्यांच्या पोरींमध्ये उतरलंय. आषाढात मेंढा सोडला तर त्या पोरी मार्गशीर्षात जन्मतात, पुढच्या वर्षीचा आषाढ त्यांना लहान वयाचा पडतो, त्याच्या पुढच्या आषाढात भरतात. म्हणजे पहिलं जुळं तिसऱ्या मार्गशीर्षात. तेही प्रत्येकीला नाही. बी-प्लस मेंढी पहिल्या वेताला एकच देऊ शकते. अहवाल बी-प्लस असेल तर एका वेतावरून तिला काढू नये. आणि भरायची घाईही नको. तीस किलोपर्यंत जाणाऱ्या जातीची पोर किमान २१-२२ किलोची होईपर्यंत नरापासून लांब ठेवावी. नर कोकरं पाच-सहा महिन्यांतच माजावरच्या मादीवर चढू लागतात, म्हणून चौथा महिना संपायच्या आत ती वेगळी बांधायची.

पोरी गाभण राहिल्या की खरं काम सुरू होतं. ४५ ते ९० दिवसांच्या दरम्यान सोनोग्राफी करून पोटात एक की दोन हे बघून घेतलं, आणि दोनवाल्यांच्या गळ्यात लाल दोरी बांधली. कोकरांची सर्वाधिक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्याच वेळी गर्भाशय पोटातली जागा अडवतं आणि मेंढीला कडबा मावत नाही. नुसत्या कडब्यावर ठेवलेली जुळ्यांची मेंढी स्वतःची चरबी जाळायला लागते, रक्तात कीटोन साचतात. ती कळपाच्या मागे राहते, खुराकाला तोंड लावत नाही, तोंडाला गोडसर-उग्र वास येतो आणि मग बसते ती उठत नाही. बसल्यावर उपचार कठीण, मागे पडायला लागली त्याच दिवशी डॉक्टर बोलवावेत. म्हणून या सहा आठवड्यांत दोरीवाल्यांना खुराक: मक्याचा भरडा ५० किलो, शेंगपेंड २२, तूरचुनी २५, खनिज मिश्रण २ आणि मीठ १. रोजी दोनशे ग्रॅमपासून सुरुवात, दोन आठवड्यांत हळूहळू साडेतीनशेपर्यंत, दोन वेळांत विभागून. पहिल्याच दिवशी पाटी भरून दिली तर पोटात आम्ल होऊन वेगळंच संकट उभं राहतं. विण्याच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची (आतड्यातल्या विषबाधेच्या रोगाची) लस टोचली, म्हणजे तिचं संरक्षण चिकातून कोकरांना मिळतं.

विताना जुळ्यातलं पहिलं कोकरू गेलंच तर बहुधा आईमुळे जातं. ती एक चाटते, कळ आली की दुसरीकडे जाऊन दुसरं देते आणि पहिल्याला विसरते. चार फूट बाय चार फुटांचे फळ्यांचे कप्पे केले, वेदना सुरू झाल्या की मेंढी आत, दोन-तीन दिवस तिथेच. दोन्ही कोकरांच्या नाळेला टिंक्चर आयोडीन, दोन्ही सडांतून एकेक धार काढून बोळे मोकळे, आणि चीक. पहिल्या दोन तासांत किलोमागे ५० मिली, म्हणजे दोन किलोच्या कोकराला १००. दिवसभरात अशा चार खेपा. कोकरू गारठलंय की नाही हे तोंडात बोट घालून कळतं. तोंड गार लागलं तर आधी पोत्यात गुंडाळून ऊब द्यायची आणि मग चीक. मार्गशीर्षाच्या पहाटे ही तोंडाची तपासणी दर तासाला करावी लागते. कळपात दोन दुभत्या शेळ्या ठेवल्या आहेत, त्यांचं दूध कमी पडणाऱ्या कोकराला बाटलीनं.

म्हणूनच कळप घेऊन भटकणाऱ्या वाड्याला मी हा मेंढा सुचवत नाही. रोज दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या आईमागे दोन नवजात कोकरं टिकत नाहीत आणि घोड्यावर किती बांधणार? जनुकानं कोकरू मिळतं, दूध मिळत नाही. दूध, वजन आणि जगण्याची ताकद शेकडो जनुकांच्या हातात असते, आणि त्यासाठी प्रयोगशाळा नाही, काटा लागतो.

झुलता काटा ५० ग्रॅमपर्यंत अचूक हवा. जन्मवजन पहिल्या चोवीस तासांत, दुसरं वजन नव्वद दिवसांच्या आसपास. सगळ्यांचे नव्वद दिवस एकाच दिवशी भरत नाहीत, म्हणून हिशेब करावा लागतो. बिल्ला ११७, नर, जुळ्यातला: जन्माला २.४ किलो, ८४व्या दिवशी १५. वाढ १२.६ किलो, भागिले ८४, गुणिले ९०, अधिक जन्मवजन, एकूण १५.९. बिल्ला १२२, नर, एकटा: ३.१ किलो, ९२व्या दिवशी १८.७. त्याचे नव्वद दिवसांचे १८.४ येतात. डोळा १२२ निवडतो. पण त्या हंगामात माझ्या एकट्या नरांची सरासरी १७.६ होती आणि जुळ्यांतल्या नरांची १४.४. हा ३.२ किलोचा फरक जन्माच्या प्रकाराचा, रक्ताचा नव्हे. तो ११७च्या वजनात मिळवला की १९.१ होतात आणि १२२ मागे पडतो. नर-मादी वेगवेगळ्या यादीत धरायचे, आणि पहिल्या वेताच्या आईची कोकरंही वेगळी, नाहीतर पुन्हा तीच खोड.

आधी काटा, मग रक्त, हा क्रम ठेवला की खर्च आटोक्यात राहतो. वजनात वरच्या एक-तृतीयांशात आलेल्या माद्यांचंच रक्त पाठवतो. विकायच्या कोकरांचं जनुक तपासून काय करायचं?

दुसऱ्या पिढीला पुन्हा बीबी मेंढा सोडला नाही. बी-प्लस मेंढीवर बीबी नर म्हणजे निम्म्या पोरी बीबी. त्यांच्यात तिळी वाढतात आणि माझ्या चाऱ्यावर तिळी जगत नाहीत. जत तालुक्यातला माडग्याळ मेंढा आणला, वाकड्या नाकाचा, उंच, जनुक नसलेला. त्याच्या निम्म्या पोरी बी-प्लस निघतात, त्या ठेवायच्या. उरलेल्या वजनाला चांगल्या, त्या विकायच्या. बीबी मेंढा तर त्याच्या पोरी भरायच्या वयात यायच्या आधीच बदलून दिला. बापलेकीच्या संकरात प्रजनन-निकटता (जवळच्या नात्यातल्या संकराचं माप) २५ टक्के होते, कोकरं अशक्त निघतात, आणि दोष आपण चाऱ्याला देत बसतो.

माडग्याळ मेंढ्याच्या छातीला सध्या पिवडी लागली आहे. गुरुवारी अठरावा दिवस, गेरू कालवून ठेवला आहे.