ईमेल वाचतं कोण? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, ईमेल कोण वाचते आजकाल? व्हॉट्सॲपवर टाकून द्या नं!" हे मला हमखास ऐकवलं जातं. ऐकवणारे बहुतेक घरून नुकताच ऑनलाइन धंदा सुरू केलेले असतात. कोणाचा सावजी मसाला, कोणाच्या कुरडया-सांडगे, कोणाचे कॉटनचे कुडते. काटोलजवळ माझ्या दिरांची संत्र्याची बाग आहे. झाडांचं ते बघतात, पेट्या पुण्या-मुंबईला पाठवायचं मी नागपुरात बसून बघते. निम्म्याहून जास्त माल ईमेलच्या यादीवर, म्हणजे आपणहून पत्ता दिलेल्यांना मेल पाठवूनच जातो म्हटलं, की समोरच्याच्या भुवया वर जातात आणि पुढचा प्रश्न येतो, मग आम्ही कुठून सुरुवात करायची?

ईमेल वाचतात हो लोक. त्यांनी मागितलेला असला तर.

आमच्याकडे वर्षाला संत्र्याचे दोन बहार, म्हणजे फळाचे दोन हंगाम. अंबिया ऑक्टोबर ते डिसेंबर उतरतो, मृग फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या काळात विकायला काही नसतं. पुण्याच्या माणसाला जून महिन्यात नागपुरी संत्र्याची आठवण झाली, तर तो वेबसाइटवर येतो, माल नाही म्हणून परत जातो आणि नोव्हेंबरमध्ये कोपऱ्यावरच्या गाडीवरून मिळेल ते संत्रं घेतो. म्हणून तिथे एक चौकोन ठेवला. वर एवढंच लिहिलं, 'तोड सुरू झाली की कळवा'. नाव नको, गाव नको, फक्त ईमेल. 'आमच्या न्यूजलेटरला सबस्क्राइब करा' असं लिहिलं असतं तर कुत्रं फिरकलं नसतं.

यादीचं सारं मर्म मला इथेच दिसतं. कोणतं ॲप घ्यायचं, हे मागाहून ठरवा. तुमच्याकडे कळवण्यासारखं काय आहे, ते आधी ठरवा. मसालेवालीकडे आहेच की: भिवापुरी मिरची आली, या आठवड्यात कुटतेय, ताजा मसाला हवा असेल तर सांगा. कुरडयावालीकडे उन्हाळा आहे. ज्याच्याकडे कळवण्यासारखं काहीच नाही, त्याने यादीच्या नादी लागू नये, उगाच लोकांच्या इनबॉक्सात कचरा होतो.

यूट्यूबवरचे गुरुजी सांगतात, फुकट ई-बुक द्या आणि बदल्यात ईमेल घ्या. शिकवणीचा धंदा असेल त्याला ते जमत असेल. पण 'संत्र्याचे एकवीस फायदे' वाचायला आलेला माणूस पेटी घेईल, यावर माझा काडीचा विश्वास नाही. त्यापेक्षा प्रत्येक पेटीत चिठ्ठी टाका. अंबियाच्या पेटीत आमची चिठ्ठी असते, 'मृगाचं फळ हवं असल्यास' आणि खाली क्यूआर कोड. संत्रं खाऊन झाल्यावर ज्याने तो कोड स्कॅन केला, त्याच्यासारखा गिऱ्हाईक कोणत्या जाहिरातीतून मिळायचा?

प्रदर्शनात स्टॉल लावाल तर वहीत ईमेल लिहून घेऊ नका. कोणाचा डॉट, कोणाचा अंडरस्कोर, रात्री घरी बसून एकाचाही पत्ता धड लागत नाही. ज्याचा फोन त्याच्याच बोटांनी भरू द्या. भरल्यावर 'खरंच हवंय ना?' असं विचारणारा एक मेल आपोआप जाईल अशी सोय करा. त्यावर टिचकी मारली तरच माणूस यादीत. यादी हळू वाढते, वाढू द्या.

आता व्हॉट्सॲप. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. ग्रुप केला तर सकाळी गुड मॉर्निंग आणि दुपारी कोणाच्या तरी भाच्याचं स्थळ. इन्स्टाग्राम छान आहे, नवीन माणूस तिथूनच येतो. पण ती जागा भाड्याची. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा लाखोंनी फॉलोअर्स जमवलेल्यांच्या हातात दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाचाही पत्ता नव्हता. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही सहाएक तास बंद पडले होते. ईमेलची यादी साधी फाइल असते, एका कंपनीतून उतरवून दुसरीकडे चढवता येते. महिन्यातून एकदा तरी ती उतरवून ठेवा.

तांत्रिक बाबतीत थोडक्यात सांगते. साध्या जीमेलवरून सगळ्यांना बीसीसीत (एकमेकांचे पत्ते दिसत नाहीत तो रकाना) टाकून मेल पाठवू नका. दिवसाला ५०० ची मर्यादा आहे आणि मेल स्पॅममध्ये जायला वेळ लागत नाही. स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं आपल्या नावाचं ठिकाण घ्या, मेल पाठवणारी एखादी सेवा घ्या, सुरुवातीला फुकटचा प्लॅन पुरतो. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही नावं ऐकून घाबरू नका, मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या त्या खुणा. ती सेवा तुम्हाला दोन-चार ओळी देते, त्या डोमेनच्या सेटिंगमध्ये चिकटवायच्या. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू याबाबत कडक झालेत. हजार मेलमागे तिघांनी जरी 'स्पॅम' दाबलं तरी गुगलच्या लेखी ते जास्त आहे. म्हणून 'यादीतून काढा' ही लिंक ठळक ठेवा. जाणारा रागावून स्पॅम दाबून जाण्यापेक्षा सरळ दारातून गेलेला बरा.

'नागपूरचे सगळे डॉक्टर, सीए, बिल्डर, पूर्ण डेटा' असे मेसेज तुम्हालाही येत असतील. घेऊ नका, बाप्पा! आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचा पायाच संमती हा आहे. आणि ज्याने तुमचं नावही ऐकलेलं नाही, तो स्पॅमच दाबणार.

मेल कसा लिहायचा, तर आपण बोलतो तसा. गेल्या अंबियाचा आमचा मेल असा होता: 'तोड सोमवारपासून. यंदा पावसाने फळगळ झाली, माल कमी आहे. सालीवर डाग आहेत, आत गोड आहे. पाच किलोची पेटी. डाग चालत नसतील तर मृगापर्यंत थांबा.' खाली ऑर्डरची एक लिंक. फोटोही एकच, तोही डाग दिसेल असा. 'मला डागाचेच पाठवा' अशी उत्तरं आली त्यावर.

किती जणांनी उघडला, हा आकडा फार मनावर घेऊ नका. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय केली, की माणसाने मेल न वाचताही तो उघडल्यासारखा दिसतो. मी आलेली उत्तरं आणि गेलेल्या पेट्या मोजते. दोन वर्षांत ज्याने काहीच घेतलं नाही, त्याला एकदा विचारते आणि उत्तर नाही आलं तर नाव काढते.

आणि हो, पेटी निघाली की ट्रॅकिंग नंबर मी व्हॉट्सॲपवरच पाठवते. तो ईमेलवर पाठवला तर 'ताई, पेटी कुठवर आली?' म्हणून फोन येतात.