रीपरमध्ये ट्रॅकची नावं उडाली तर

रीपर या ऑडिओ रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असं झालं तर आधी एकच पथ्य: सेव्ह करू नका. प्रोजेक्ट उघडाच असेल तर कंट्रोल-ऑल्ट-झेड दाबून अनडू हिस्टरी (केलेल्या बदलांची यादी) उघडा आणि नावं जाण्याआधीच्या ओळीवर डबल-क्लिक करा. मात्र त्यानंतर केलेलं कामही मागे जातं.

सेव्ह झालंच असेल तर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘आरपीपी-बॅक’ (.rpp-bak) ही बॅकअप फाइल शोधा. तिच्यात शेवटच्या सेव्हच्या आधीची प्रत असते. पुन्हा सेव्ह केलंत की तीही बदलते, म्हणून ती लगेच दुसरीकडे कॉपी करा.

रीपरची प्रोजेक्ट फाइल साधा मजकूर असते, हे फार मोलाचं. आताची बिघडलेली फाइल आणि बॅकअप, दोन्ही प्रती नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला महिरपी कंसात एक लांबलचक आयडी आणि खाली ‘नेम’ची (NAME) ओळ दिसते. बिघडलेल्या प्रतीत तिथे नुसती रिकामी अवतरणचिन्हं असतात. ट्रॅकचा क्रम बदलला असला तरी आयडी तोच राहतो, त्यामुळे आयडी जुळवूनच नावं भरा. ‘तबला डावा’सारख्या दोन शब्दांच्या नावाला अवतरणचिन्हं हवीतच.

बॅकअपही गेला? मग ऑडिओ फाइलींची नावं बघा. मूळ सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगच्या वेळचं ट्रॅकचं नाव त्यांत येतं. म्हणूनच रेकॉर्ड दाबण्याआधी ट्रॅकला नाव द्यावं.