सोळा सोंगं, पावणेदोन तास

दशावतारात आख्यानातलं युद्ध सुरू झालं की राक्षस मरणार, हे पुढ्यात मांडी घालून बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. गिरकी कशी घेतली, मृदंगाची लय कुठे चढली, सोंग आत येताना कसं आलं, हे बघायचं असतं. मारामारीच्या व्हिडिओ गेमवर सिनेमा काढणाऱ्यापुढे हाच पेच असतो. पात्रं तयार, त्यांचे डाव प्रेक्षकांना पाठ, आणि गोष्ट म्हणावी तर नाहीच. गणपतीत चाकरमानी आले की वाडीत पडद्यावर काहीतरी लावायची टूम निघते, म्हणून १९९४ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’च्या जपानी अ‍ॅनिमेशनपटाबद्दल जरा तपशिलात.

मूळ गेम १९९१ चा, कॅपकॉमचा. आठ खेळाडू आणि चार बॉस मिळून बारा पात्रं. १९९३ च्या ‘सुपर’ आवृत्तीत कॅमी, फेई लाँग, डी जे आणि टी. हॉक आले, म्हणजे सोळा. दिग्दर्शक गिसाबुरो सुगी यांनी ही सोळाही सोंगं सुमारे १०२ मिनिटांत रंगमंचावर आणली. प्रत्येकाला सारखा वेळ द्यायचा मोह त्यांनी टाळला. ब्लँका-झँगीफ लास व्हेगासमध्ये, होंडा-धालसिम कलकत्त्यात. या लढती झटपट येतात नि जातात. खरा वेळ रियू, केन, चुन-ली, गाईल आणि शॅडलू या गुन्हेगारी संघटनेचा हुकूमशहा यांच्यासाठी राखलेला. त्याच वर्षी डिसेंबरात हॉलिवूडने माणसं घेऊन काढलेला सिनेमा बघा, म्हणजे फरक कळेल. तिथे गाईल नायक झाला आणि रियू-केन किरकोळ ठग. गेम खेळलेला माणूस पहिल्या अर्ध्या तासातच जांभया देतो.

सोळा जणांना बांधायला सुगींनी जो दोरा वापरला तो साधा आहे. हुकूमशहाचे यंत्रमानव जगभर फिरून लढवय्यांवर नजर ठेवतात आणि त्यांची ताकद आकड्यांत मोजतात. त्यांना हवा रियू, पण तो सापडत नाही, कारण त्याला घर ना पत्ता. मग त्याचा गुरुबंधू केन पकडला जातो. त्या यंत्रांना जग जसं दिसतं तसंच ते गेम खेळणाऱ्यालाही दिसतं, समोर माणूस आणि वर त्याच्या ताकदीची पट्टी. ही युक्ती मला सगळ्यात हुशार वाटते.

आता डाव. ‘हादोकेन’साठी, म्हणजे हातातून ऊर्जेचा गोळा सोडायला, जॉयस्टिकची दांडी खाली, मग खाली-पुढे तिरकी, मग पुढे, आणि त्याच क्षणी ठोशाचं बटण. नवख्याचं बटण दांडी पुढे पोचायच्या आधीच दाबलं जातं, मग गोळा सुटत नाही, नुसता बसून मारलेला ठोसा निघतो. ‘शोर्युकेन’ला, म्हणजे उडी घेत वर मारलेल्या ठोशाला, पुढे, खाली, खाली-पुढे आणि ठोसा. इथे उलटी चूक होते: हात थांबत नाही, दांडी पुन्हा पुढपर्यंत घसरते आणि शोर्युकेनऐवजी हादोकेन निघतो. कीबोर्डवर खेळणाऱ्यांना वेगळा त्रास. स्वस्त कीबोर्ड काही ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या तर तिसरी धरतच नाहीत. बोटं बरोबर असूनही डाव निघत नसेल तर आधी ठोशाची कळ बदलून बघा.

हे सांगायचं कारण, सिनेमात रियूचे हात कमरेशी गोळा होऊन पुढे येतात ते हादोकेनच्या या पाव वर्तुळासारखंच. ज्याच्या अंगठ्याला घट्टा पडलाय त्याला ते चित्र हातात जाणवतं. आणि सिनेमा ते उधळत नाही. सुरुवातीची थाई लढवय्या सगाटशी लढत वादळात, गवताळ माळावर आहे. जूनच्या पहिल्या पावसात आपल्या सड्यावर वारा गवत कसा लोळवतो ते आठवा. शोर्युकेनने सगाटची छाती फाटते आणि मगच हादोकेन सुटतो. गेममध्ये सगाटच्या छातीवर जी खूण आहे ती कशी झाली, ते इथे दिसतं. चुन-लीच्या लाथांचा पाऊस गेममध्ये लाथेचं बटण भराभर दाबून निघतो. सिनेमात तो तिच्या घरातल्या लढतीच्या अगदी शेवटी येतो, तोवर घरातलं सामान आणि ती स्वतः, दोन्ही पुरते मोडलेले असतात.

गेममधल्या ठोशाचं माप जसंच्या तसं का उचलता येत नाही, याचं गणित सोपं आहे. गेम सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतो, सिनेमा २४, आणि त्यातलं एकेक चित्र बहुतेक वेळा दोनदा वापरलेलं, म्हणजे नवी चित्रं १२. गेममध्ये दहा चित्रांत बसणारा ठोसा म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. सिनेमात त्याला नवी चित्रं मिळतात फक्त दोन. डोळ्याला काही कळणारच नाही. म्हणून आधीची तयारी लांबवायची, मार बसताना चित्र धरून ठेवायचं, आणि मधली झेप एक-दोन चित्रांत उरकायची. व्हीएलसी प्लेअरमध्ये सिनेमा थांबवून इंग्रजी ‘ई’ची कळ दाबत गेलात की एकेक चित्र पुढे सरकतं. सगाटची लढत अशी बघाच. दर पाच चित्रांत दोन दातेरी, कंगव्यासारखी दिसली तर ती जुन्या व्हिडिओ पद्धतीची प्रत आहे. ते दाते पुसणाऱ्या डीइंटरलेस फिल्टरपेक्षा २४ चित्रांच्या मूळ वेगाची प्रत शोधणं बरं. युरोपातल्या जुन्या डिस्कवर सिनेमा २५ च्या वेगाने धावतो, त्यामुळे तो चारेक मिनिटं आधी संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो.

नावांचा घोळ मात्र आधीच निस्तरून घ्या, नाहीतर पडवीत वाद होतील. जपानीत हुकूमशहा ‘वेगा’, मुष्टियोद्धा ‘बायसन’ आणि पंजेवाला स्पॅनिश ‘बॅलरॉग’. मुष्टियोद्धा माइक टायसनवर बेतलेला, तेव्हा कोर्टकचेरी नको म्हणून परदेशी आवृत्तीत तिघांची नावं फिरवली: हुकूमशहा बायसन, मुष्टियोद्धा बॅलरॉग, पंजेवाला वेगा. जपानी आवाज आणि इंग्रजी उपशीर्षकं एकत्र लावली की कानाला एक नाव आणि डोळ्याला दुसरं. इंग्रजी आवृत्तीत संगीतही बदललंय, कॉर्न आणि अ‍ॅलिस इन चेन्ससारख्या बँडची गाणी घातलीत. सगाटच्या लढतीला मला तरी जपानीच बरी वाटते.

मराठी उपशीर्षकं करणार असाल तर डावांची नावं तशीच ठेवा. ‘शोर्युकेन’चा अर्थ चढत्या ड्रॅगनचा ठोसा, पण ओरडून म्हणायला तो निरुपयोगी. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं दिसतील. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावलात तर बऱ्याच टीव्हींत देवनागरी नसते, चौकोन येतात किंवा जोडाक्षरं फुटतात. त्यापेक्षा हँडब्रेक या सॉफ्टवेअरने अक्षरं चित्रातच छापून घ्या. आणि उपशीर्षकं हवीतच. भाद्रपदात पत्र्यावर सर आली की मोठ्या स्पीकरवरचेही संवाद वाहून जातात.

लहान पोरं पुढे बसणार असतील तर प्रत आधी पाहून ठेवा. सुरुवातीच्या भागात एका ब्रिटिश मंत्र्याचा खून आहे. पुढे चुन-लीच्या अंघोळीचा प्रसंग येतो आणि त्याला जोडूनच पंजेवाल्याशी रक्तबंबाळ लढत. काही आवृत्त्यांत अंघोळ कापलीय, पण रक्त राहिलेलं असू शकतं.

वीज गेली तर सगळाच खेळ थांबतो, म्हणून प्रोजेक्टरला छोटा यूपीएस लावा. तो सिनेमा पुरा करणार नाही, पण दिवा थंड होईपर्यंत पंखा चालू ठेवतो. आणि शेवटी हुकूमशहा पडला, रियू-केनने निरोप घेतला, की ट्यूबलाइट लावायला धावू नका. रियू रस्त्याने चालू लागतो तेव्हा मागून एक ट्रक येतोय.