कॅप्सूलमध्येच राहिलेलं औषध

ऐन श्रावणात दिंडोरीकडचा एक मुलगा आईला घेऊन नाशिकला आमच्या मेडिकलवर आला. चिठ्ठीवर औषध जुनंच, मशीनमधून श्वासाने ओढायच्या भुकटीची कॅप्सूल. फक्त त्यातलं ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड २०० मायक्रोग्रॅमचं ४०० झालेलं. "आईला लागूच पडत नाही," म्हणत त्याने पिशवीतून एक डबी काढली. आजी वापरलेल्या कॅप्सूल हिशोबाला जपून ठेवायच्या. कॅप्सूलचं एक अर्धुक काउंटरवर उलटं करून टिचकी मारली, तर पांढऱ्या गुठळ्या पडल्या. दुसऱ्यातून, तिसऱ्यातून तेच. कॅप्सूल सरळ गिळून टाकणारेही आमच्याकडे येतात. त्या मानाने आजी पुष्कळ पुढे होत्या.

त्या भुकटीत औषध नावालाच असतं. श्वासनळ्या मोकळ्या करणारं फॉर्मोटेरॉल तर ६ मायक्रोग्रॅम. बाकी जवळपास सगळं लॅक्टोज. औषधाचा कण १ ते ५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशोबातला हवा. त्याहून मोठा घशातच आपटतो. पण इतके बारीक कण मोकळे ठेवले तर एकमेकांना चिकटतात, म्हणून ते लॅक्टोजच्या जाड कणांवर बसवतात. तिथून त्यांना सोडवायचं काम श्वासाचं. दाबायच्या पंपात औषध गॅस ढकलतो, इथे ढकलणारं कोणी नाही. झटक्यात जोराने ओढलं तर हवेच्या भोवऱ्यात औषध सुटतं आणि खाली जातं, लॅक्टोज तोंडात राहतं. हळू ओढलं की दोन्ही घशातच.

मशीन दाखवा म्हटलं, तर त्यात पुढची कॅप्सूल आधीच भरलेली. "पहाटं दम लागला की हात थरथरतात, म्हणून आधीच भरून ठेवते." ठेवायची जागा चुलीवरचा कोनाडा, खाली पाण्याचं पातेलं. वर ओढण्याआधी श्वासही मशीनमध्येच सोडत होत्या. मुलगा द्राक्षबागायतदार, ओल लागलेलं गंधक डस्टरमधून उडतं का, एवढंच विचारलं. तो हसला नाही.

मग नवी कॅप्सूल घेतली. कोरड्या हाताने, पारदर्शक टोक खाली करून चौकोनी भोकात. तळ फिरवला की दोन अर्धुकं सुटतात. तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडायचा, ओठ गच्च मिटायचे, पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढायचं, दहा सेकंद धरायचं. शेवटी चूळ भरून थुंकायची. स्टिरॉइड तोंडात राहिलं तर बुरशी धरते. मशीन आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुवायचं, पण पूर्ण वाळल्याशिवाय कॅप्सूल घालायची नाही.

आजींनी सगळं बिनचूक केलं. तरी कॅप्सूलमध्ये तिसरा हिस्सा उरलाच. दुसऱ्यांदा ओढल्यावर संपला. म्हणजे नुसती ओल नव्हती. चुलीच्या धुरात जन्म गेलेल्या छातीत तेवढा जोरच नव्हता.

डोस दुप्पट करताना मशीन बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. ओपीडीत ते कोणाकडे नसतं, आणि आमच्यातलेही बरेच जण खोका पिशवीत टाकून मोकळे होतात. मी डॉक्टरांना फोन करून ओढण्याचा जोर कमी असल्याचं सांगितलं. त्यांनी पंप आणि त्याला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, लगेच लिहून दिला. डोस मात्र ४००च ठेवला. २०० छातीत नीट पोचलंच नव्हतं, मग ते कमी पडतं हे कशावरून, असंही मी विचारलं. "पुढच्या फेरीला बघू," म्हणाले.