जुन्या ८०० चं अलाइनमेंट, अंगणातच

बाबांच्या मारुती ८०० चे पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजत होते आणि वेग घेतला की गाडी रस्त्यावर भरकटायची. आज अखेर अलाइनमेंटला, म्हणजे चाकांची दिशा जुळवायला, हात घातला. आधी टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा, म्हणजे टाय रॉड, चाकाला जोडणारा सांधा) आणि बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा सांधा) हलवून पाहिले. ते ढिले असतील तर बाकी सगळी मेहनत वाया. सुदैवाने घट्ट होते. मग हवा सारखी केली.

पुढचं एकेक चाक जॅकवर उचलून फिरवत टायरवर खडूची रेघ मारली, गाडी खाली घेऊन थोडी पुढे-मागे ढकलली आणि टेपचं दुसरं टोक बाबांच्या हातात दिलं. चाकाच्या मध्यावर मोजायला इंजिनाखालचे भाग आड येतात, म्हणून जरा खाली, पण टायरच्या पुढे आणि मागे अगदी एकाच उंचीवर दोन रेघांमधलं अंतर मोजलं. पुढचं अंतर ५ मिलिमीटरने जास्त! म्हणजे टो-आउट (चाकं पुढून बाहेर फाकलेली), आतली कड खाणारा हाच.

टाय रॉड जागी धरणारे गंजलेले लॉक नट तेल मारून तासभर तसेच ठेवावे लागले. टाय रॉड दोन्हीकडे सारखेच फिरवायचे, नाहीतर गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग तिरकं राहतं. प्रत्येक वेळी गाडी ढकलून मगच पुन्हा माप, कारण उचललेलं चाक खाली आल्यावर लगेच आपल्या जागी बसत नाही.

संध्याकाळी बायपासवर गाडी ओळीत धावली. बाबा इतके खूश की परतताना स्टेअरिंग त्यांनीच घेतलं. सोमवारी मशीनवर माप ताडून घेणार आहे.