तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा सिगारीत चाखायचं काय?

हा प्रश्न मला हमखास येतो. "बोटाएवढी ती सिगार, चार झुरक्यांत संपेल. हिची चव ती काय घ्यायची?"

संपत नाही हो. माझ्या आवडीची पार्तागास शॉर्ट्स ही क्यूबाची सिगार ११० मिलिमीटर लांब आणि ४२ गेजची. गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, त्या हिशेबाने जाडी साडेसोळा मिलिमीटरच्या जरा वर. मिनिटाला एकच झुरका घेतलात तर अर्धा तास आरामात जातो.

आणि कडकपणा आकारात नसतो, पानात असतो. तंबाखूच्या झाडाच्या शेंड्याकडची पानं भरपूर ऊन खाऊन जाड आणि चवीला कडक होतात, सावकाश जळतात. म्हणून वळताना ती मधोमध घालतात. त्यांना 'लिहेरो' म्हणतात, स्पॅनिशमध्ये 'हलका'. उलटी सोनुबाई!

पेटवण्याआधी टोक कापून मी नुसताच एक दम ओढून बघतो. मुंबईच्या जुलैत इथेच निकाल लागतो. डबीतला दमटपणा सत्तर टक्क्यांच्या बराच वर गेला की पान फुगतं, आणि सब्जा अडकलेल्या स्ट्रॉतून फालुदा ओढावा तशी गत होते. अशी सिगार मी परत ठेवतो, गुण देत नाही.

धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात घोळवायचा, थोडासा नाकातून सोडायचा. खरी चव नाकालाच कळते. सुरुवातीला मिरी. मग भाजलेली कॉफी, आणि मध्येच नव्या कोल्हापुरी चपलांचा तो वास. इथवर बऱ्याच सिगारी छान वागतात. मी गुण देतो ते शेवटच्या दीड इंचाला. धूर तापतो, कडवटपणा वर येतो. त्यातही कॉफी शाबूत राहिली तर सिगार चांगली. नुसतं जळकं लागलं तर विझू द्यायची, पैशाकडे बघायचं नाही.

(छातीत न घेतल्याने तोंडाचा, घशाचा धोका टळत नाही. मी महिन्याला एक ओढतो आणि कुणाला आग्रह करत नाही.)

पहिल्यांदा ओढली ती उपाशीपोटी, लहान दिसते म्हणून भराभर. वीस मिनिटांत घाम, हात गार, गच्चीचा कठडा फिरायला लागला. आईने काही न विचारता गुळाचा खडा हातावर ठेवला. तेव्हापासून आधी जेवतो, आणि गुळाची वाटी जवळ ठेवतो.