हापूसच्या सीझनसाठी वेबसाइट कुठे ठेवायची: ऑफिसातल्या मशीनवर की भाड्याच्या सर्व्हरवर?

रत्नागिरी-देवगडकडचे कितीतरी बागायतदार आता हापूसच्या पेट्या थेट वेबसाइटवरून विकतात. वर्षाचा धंदा मार्च ते मे या तीन महिन्यांत होतो. सात-आठ माणसांच्या अशा व्यवसायात एक प्रश्न हमखास निघतो: ऑफिसात कॉम्प्युटर पडून आहे, फायबर आलेलं आहे, मग होस्टिंगचे पैसे बाहेर का द्यायचे?

मशीन पुरतं, हे खरं आहे. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर वूकॉमर्सचं (वर्डप्रेसच्या वेबसाइटला जोडायचा ऑनलाइन दुकानाचा प्रोग्रॅम) छोटं दुकान त्यावर आरामात चालतं. अडचणी मशीनच्या भोवती आहेत.

पहिली आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेटवर मशीन ज्या क्रमांकाने सापडतं त्याची. घरगुती फायबर प्लॅनमध्ये बऱ्याचदा सीजी-नॅट असतो, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. मग बाहेरचा ग्राहक तुमच्या मशीनपर्यंत पोचतच नाही. राउटरच्या पॅनेलमध्ये वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर सीजी-नॅट आहे. स्टॅटिक आयपीला, म्हणजे फक्त तुमच्या कायमच्या पत्त्याला, वेगळे पैसे पडतात. तो घेतला तरी मेल पाठवायचा मार्ग, म्हणजे पोर्ट २५, बहुधा बंद असतो, त्यामुळे ऑर्डरचे मेल थेट जात नाहीत. गेलेच तर त्या पत्त्याची रिव्हर्स डीएनएस नोंद (पत्ता कुणाच्या नावाचा हे सांगणारी) नसल्यामुळे स्पॅममध्ये पडतात.

दुसरी विजेची. ६० वॉटचं मशीन चोवीस तास चाललं तर महिन्याला ४३ युनिट, म्हणजे बिल काही फार नाही. पण मेमध्ये वळवाचा पाऊस आणि वारा सुटला की लाईट तासन् तास जाते, आणि नेमकी तेव्हाच शेवटच्या पेट्यांची घाई असते. छोटा यूपीएस पाव तास तग धरतो. १५० एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टर रात्रभर धरेल, फक्त तो यूपीएस मोडवर (लाईट गेली की लगेच बॅटरीवर जाणाऱ्या) ठेवा. नाहीतर लाईट जाताना मशीन रीस्टार्ट होतं आणि डेटाबेसचे टेबल खराब होऊ शकतात. इतकं करूनही गावातल्या केबलवाल्याच्या ओएलटीला (सगळ्यांच्या फायबर लाइनी जिथे जोडतात ते यंत्र) विजेचा बॅकअप नसेल तर तुमचं मशीन चालू आणि लाइन बंद.

तिसरी अडचण मला सगळ्यांत गंभीर वाटते. तो कॉम्प्युटर टॅलीच्याच नेटवर्कवर असतो. वेबसाइटला जोडलेल्या एखाद्या प्लगइनमधल्या (जादा सोय देणारा छोटा प्रोग्रॅम) भोकातून कोणी वेबसाइटमध्ये शिरला, की तो तुमच्या हिशेबाच्या मशीनच्या शेजारी येऊन बसतो. वेगळं व्हीलॅन (त्याच वायरिंगवर वेगळं काढलेलं नेटवर्क), मध्ये फायरवॉल, प्लगइनचे अपडेट त्याच दिवशी टाकणारा माणूस, एवढं सगळं असेल तरच घरचं होस्टिंग सुरक्षित म्हणता येईल. पेट्या भरण्याच्या दिवसांत हा माणूस कुठून आणणार?

टॅली, स्टॉक आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग मात्र खुशाल ऑफिसात ठेवा. बाहेरून बघायचं असेल तर वायरगार्डचं व्हीपीएन (बाहेरून आत येण्याचा कुलूपबंद खाजगी मार्ग) लावा, राउटरवर थेट पोर्ट उघडू नका.

दुकानाची वेबसाइट भाड्याच्या सर्व्हरवरच हवी. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो: व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरचा भाड्याने मिळणारा वेगळा भाग) घेतला की सुरक्षेचं काम संपलं. अनमॅनेज्ड व्हीपीएसवर कंपनी फक्त मशीन आणि वीज सांभाळते. लिनक्सचे पॅच, पासवर्डचं लॉगिन बंद करून एसएसएच की (सर्व्हरवर शिरण्याची डिजिटल किल्ली) लावणं, डेटाबेसचं पोर्ट ३३०६ बाहेरच्यांना बंद ठेवणं, हे सगळं तुमच्याच गळ्यात. सिस्टिम सांभाळणारं कोणी नसेल तर मॅनेज्ड प्लॅन घ्या, डेटा सेंटर मुंबईचं निवडा. फेब्रुवारीत रॅम आणि सीपीयू वाढवा, जूनमध्ये कमी करा. डिस्क मात्र विचार करून वाढवा. बहुतेक ठिकाणी वाढवलेली डिस्क परत कमी करता येत नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न थोडे आहेत. ९९.९ टक्के अपटाइम म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. भरपाई बहुधा पुढच्या बिलातली सूट असते, बुडालेल्या ऑर्डरींची नव्हे. लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण कधी आलं याच्या नोंदी, किती दिवस ठेवतात? सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि हॅकिंगसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. शेअर्ड होस्टिंगवर लॉग लवकर पुसले जातात, तेव्हा दर आठवड्याला उतरवून घ्या. कार्डाचे नंबर तर तुमच्याकडे येऊच देऊ नका, पेमेंट गेटवेच्याच पानावर होऊ द्या.

बॅकअप कुठे असतो, हाही प्रश्न विचाराच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता त्यांचं दोन्ही गेलं. म्हणून एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या खात्यात ठेवा: डेटाबेस रोज, सीझनमध्ये तासातासाला, फोटो आणि फाइल आठवड्यातून एकदा.

सर्व्हर दुसऱ्याचा असला तरी डोमेन आपल्या नावावर हवं. वेबसाइट करून देणारा बऱ्याचदा ते स्वतःच्या खात्यात घेतो आणि बिनसलं की तुमचा पत्ताच अडकतो. रजिस्ट्रारचं (डोमेन विकणारी कंपनी) खातं तुमच्या नावाचं, टू-फॅक्टर लावलेलं आणि होस्टिंगपासून वेगळं असू द्या. त्या खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन संपलं की मेल बंद, आणि रिन्यूअलचा ओटीपीही येत नाही. एसएसएलच्या, म्हणजे साइटचं कनेक्शन सुरक्षित ठेवणाऱ्या सर्टिफिकेटच्या, मुदतीकडेही तसंच लक्ष ठेवा. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि मुदत संपत आल्याचे त्यांचे मेल जून २०२५ पासून बंद झाले आहेत. आपोआप रिन्यूअल कुठे अडलं तर कळावं म्हणून मुदत तपासणारी बाहेरची मॉनिटरिंग सेवा लावा.

फेब्रुवारीत एक दिवस काढून बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर पूर्ण उतरवून बघा. आधी फाइलचा आकार पाहा, कारण डिस्क भरली की बॅकअप रोज चालतो आणि शून्य बाइटची फाइल तयार करतो. मग चाचणीची एक ऑर्डर टाका, मेल येतो का बघा, आणि सुरुवातीपासून किती वेळ लागला तो वहीत लिहून ठेवा. मेमध्ये साइट पडली तर फोनवरच्या ग्राहकाला तोच आकडा सांगता येईल.